मॉल जाऊन वसाहत येते तेव्हा: शेजारच्या रहिवाशांनी काय करावे?

ज्या व्यापारसंकुलांच्या सरकत्या जिन्यांवर पहिल्यांदा पाय ठेवताना उपनगरातील एक अख्खी पिढी बिचकली होती, त्यांपैकी कित्येकांचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या आतच सरत आले आहे. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली मोठ्या थाटाने उघडलेले ‘क्रॉसरोड्स’ मूळ रूपात फार काळ टिकले नाही. आणि त्यानंतर उपनगरांत उभे राहिलेल्या मॉलांपैकी ज्यांचे गाळे एकेका व्यापाऱ्याला सुटे विकले गेले, ज्यांना एकहाती व्यवस्थापन लाभले नाही, किंवा ज्यांच्या शेजारी त्यांहून मोठा मॉल येऊन ठाकला, त्यांची दशा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतेच आहे: वरचे मजले रिकामे, वातानुकूलन बंद, आणि तळमजल्यावर तग धरून राहिलेले एखादे औषधांचे दुकान. दुकानाच्या भाड्यापेक्षा सदनिकांच्या विक्रीत अधिक लाभ दिसू लागल्यावर अशा जागेच्या मालकाने घरे बांधावयाचे मनात आणले तर त्यात नवल नाही, आणि ज्या शहरांत घरांची टंचाई हे नित्याचे दुःख आहे तेथे त्या विचाराला सरसकट अनिष्टही म्हणता येणार नाही.

परंतु शेजारच्या सोसायट्यांत ही वार्ता पोहोचताच जी अस्वस्थता पसरते तीही निराधार नसते. पाणी आताच कमी दाबाने येते, पावसाळ्यात चौकात गुडघाभर पाणी साचते, सकाळी शाळेची बस कोपऱ्यावरच अडकते, आणि अशा ठिकाणी हजार कुटुंबे आणखी येणार असतील तर त्यांचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. चिंता खऱ्या असल्या तरी त्या मांडण्याची रीत मात्र बहुधा चुकते. जागेभोवती पत्रे ठोकले गेले की गच्चीवर सभा भरते, सह्या गोळा होतात, आणि ‘आमच्या विभागाचे स्वरूप बिघडेल’ अशा आशयाचे एक निवेदन लोकप्रतिनिधीच्या हाती देऊन छायाचित्र काढले जाते. ज्याचे उत्तर देण्यास कोणतेही सरकारी खाते बांधलेले नाही असे ते निवेदन, ज्या दिवशी दिले जाते त्या दिवशी परवानगीचा कागद बहुधा महिन्यांपूर्वीच सही होऊन गेलेला असतो. या लेखाचे सारे सांगणे म्हणून इतकेच आहे की, हरकत मोजता येईल अशी असावी, ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याच्याच दप्तरी ती दाखल व्हावी, आणि मंजुरीचा शिक्का उमटण्यापूर्वी व्हावी.

आमंत्रणाची वाट पाहू नये

आपल्याला विचारल्यावाचून शेजारी इमारत उभी राहू शकणार नाही, असा एक भाबडा समज अनेकांचा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये जमीनमालक बांधकामाच्या परवानगीचा अर्ज करतो तेव्हा शेजाऱ्यांच्या हरकती मागवाव्यात अशी सर्वसाधारण तरतूद त्यात नाही. विकास आराखड्यातच फेरबदल करावयाचा असेल, म्हणजे भूखंडावरील एखादे आरक्षण हलवावयाचे वा जमिनीचा विभाग बदलावयाचा असेल, तर मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना निघते, हरकती व सूचना दाखल करण्यास एक महिन्याची मुदत मिळते आणि हरकतदारांची सुनावणी होते. मॉलची जमीन निवासी वा वाणिज्य विभागात असेल तर घरे बांधण्यासाठी अशा फेरबदलाची गरज बहुधा पडतच नाही, आणि मग जाहीर सूचनेचा प्रसंगच येत नाही.

पर्यावरणाच्या बाबतीतही हीच गोष्ट. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला पूर्वपरवानगी घ्यावी लागते. पण खाणी वा कारखाने यांच्यासाठी जी जनसुनावणी होते तिच्यातून इमारतींचे प्रकल्प वगळलेले आहेत. जनसुनावणी नाही याचा अर्थ जनतेने बोलू नये असा मात्र नाही. अर्ज ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर पाहावयास मिळतो, राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती त्याची छाननी करते, आणि त्या समितीकडे तसेच राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे मुद्देसूद लेखी म्हणणे पाठविण्यास कोणाचीही आडकाठी नाही. मंजुरी मिळाल्यावर विकासकाला ती स्थानिक वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी लागते, आणि तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, ज्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे, ३० दिवसांत अपील करता येते. उशिराचे समाधानकारक कारण दाखविल्यास ही मुदत आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यानंतर मात्र दार बंद होते.

झाडांच्या बाबतीत तर मुदत याहूनही आखूड आहे. वृक्षतोडीचा प्रस्ताव आला म्हणजे १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृत्तपत्रात जाहिरात निघते, झाडावर नोटीस डकवली जाते, आणि हरकतीस ७ दिवस मिळतात. मॉलच्या वाहनतळाच्या कडेने लावलेली झाडे आता वीस-पंचवीस वर्षांची झालेली असतात. त्यांच्या बुंध्यांवरील कागद वाचण्याचे काम सोसायटीने एखाद्या निवृत्त सभासदाकडे रीतसर सोपवून ठेवावे.

आधी कागद, मग सभा

प्रस्तावाची कुणकुण लागताच पहिले काम कागदपत्रे गोळा करण्याचे. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. तीवरून मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा हे कळते. मुंबईत डीपी रिमार्क आणि अन्यत्र झोन दाखला घ्यावा; त्यावरून भूखंडावर रस्ता, उद्यान, शाळा वा मंडई यांचे आरक्षण आहे काय ते उघड होते. प्रकल्पाची नोंदणी झाली असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मालकीहक्काविषयीचा विधि-अहवाल घरबसल्या पाहता येतो. तेथे मंजूर झालेले चटई क्षेत्र आणि पुढे मंजूर व्हावयाचे चटई क्षेत्र यांतील अंतर विशेष लक्षपूर्वक वाचावे, कारण आज वीस मजल्यांची म्हणून सांगितली जाणारी इमारत उद्या किती मजल्यांची व्हावयाची आहे याचा सुगावा बहुधा त्या अंतरातच लागतो.

सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत कमी मागितला जाणारा कागद म्हणजे मॉलच्या मूळ परवानगीचा. उपनगरांतील कित्येक मॉल बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीवर उभे राहिले; औद्योगिक जमिनीचा असा वापरबदल देताना पालिकेने सुविधा भूखंड हस्तांतरित करणे, रस्त्याची रुंदी सोडणे, खुली जागा राखणे अशा अटी घातलेल्या असतात. त्या अटी पुऱ्या झाल्या होत्या काय, आणि झाल्या नसतील तर नव्या परवानगीपूर्वी त्यांची पूर्तता कशी करून घेणार, असा प्रश्न लेखी विचारला की जे खाते ‘विभागाचे स्वरूप’ या शब्दांपुढे मौन धरते त्याच खात्याला आपले दप्तर उघडावे लागते. तशीच मागणी, मुंबईत, आयुक्तांनी सामासिक अंतर वगैरे बाबतींत दिलेल्या सवलतींच्या अहवालाची करावी, कारण आपल्या खिडकीसमोरची मोकळी हवा बहुधा त्या अहवालातच आखडलेली असते.

हे कागद माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून मागता येतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून प्रत्येक मागणीचा अर्ज वेगळा करणे शहाणपणाचे. उत्तरास ३० दिवस लागतात आणि त्यानंतर पहिल्या अपिलाची पाळी येते. हा काळ हिशेबात धरूनच आरंभ करावा.

चिंतेचे अंकांत रूपांतर

पाण्यापासून आरंभ करू. घरगुती वापरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण नियोजनात सामान्यतः धरले जाते. प्रकल्पात १,००० सदनिका आणि प्रत्येकीत चार माणसे धरली तर रोजची गरज ५,४०,००० लिटरांची होते, म्हणजे १०,००० लिटरांचे ५४ टँकर. यांतून मॉलचा आजवरचा वापर वजा करावा, शुद्ध केलेले सांडपाणी फ्लशिंगला वापरण्याची योजना असेल तर तेही वजा करावे, आणि उरलेल्या आकड्यावर पालिकेच्या जलअभियंत्यांना विचारावे की हा पुरवठा कोणत्या जलवाहिनीतून होणार आणि त्या वाहिनीवरील आमच्या इमारतींना आज किती दाबाने पाणी मिळते. ‘आम्हांला पाणी पुरणार नाही’ या विलापाला आश्वासन देऊन वाटेस लावता येते. या प्रश्नाला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे धरून मलवाहिनीविषयीही हेच करावे, आणि पर्जन्यजलवाहिनीविषयी मागील तीन पावसाळ्यांतील पाणी तुंबल्याची दिनांकित छायाचित्रे जोडावीत.

रहदारीचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. मॉलकडे वाहने लोटतात ती शनिवार-रविवारच्या सायंकाळी. वसाहतीतून ती बाहेर पडतात कामाच्या दिवशी सकाळी, शाळा आणि कचेऱ्या भरण्याच्या वेळी. विकासकाने नेमलेला सल्लागार जर भरभराटीच्या काळातील मॉलची रहदारी आधारभूत धरून ‘वसाहतीमुळे वाहने कमीच होतील’ असा निष्कर्ष काढीत असेल, तर तो आधार आजचा आहे की पंधरा वर्षांपूर्वीचा, हे पाहिले पाहिजे. कारण अर्धा ओस पडलेला मॉल रस्त्यावर जितकी वाहने आणतो त्यांच्याशीच नव्या वसाहतीची तुलना न्याय्य ठरेल. चौकात दर १५ मिनिटांनी रिक्षा, दुचाकी, मोटारी आणि बसगाड्या वेगवेगळ्या मोजून एक कामाचा दिवस आणि एक सुटीचा दिवस यांचे तक्ते रहिवाशांनी स्वतः तयार करावेत. त्याला खर्च काही नाही, आणि सल्लागाराच्या अहवालासमोर ठेवावयास तोच एक पुरावा आपल्या हाती असतो.

खुल्या जागेविषयी केवळ टक्केवारी विचारून थांबू नये. मुंबईबाहेर राज्याच्या बहुतांश शहरांना लागू असलेल्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के मनोरंजनार्थ खुली जागा राखावी लागते. मुंबईची नियमावली निराळी आहे. प्रश्न असा विचारावा की यांपैकी जमिनीवर किती आणि वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, किती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात मुंबईसंदर्भात जमिनीवरच्या खुल्या जागेचे महत्त्व स्पष्ट केले होते. कारण झाड मातीत वाढते आणि पाणीही मातीतच मुरते.

आता वहिवाटीचा मुद्दा. स्थानकाकडे जाण्यासाठी मॉलच्या आवारातून जाणारी जी वाट आपण वर्षानुवर्षे तुडविली, ती बंद होणार म्हणून रहिवासी हळहळतात, आणि कोणीतरी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील २० वर्षांच्या वहिवाटीचा दाखला देतो. तो देताना हे ध्यानात असावे की हक्क म्हणून, अखंड आणि उघडपणे झालेल्या वापराचाच तेथे विचार होतो. गिऱ्हाईक म्हणून मालकाच्या अनुमतीने केलेल्या येजेला हक्काचे स्वरूप येणे कठीण. म्हणून न्यायालयाच्या भरवशावर न राहता, पादचाऱ्यांसाठी सार्वजनिक वाट नकाशातच दाखवून घेण्याची मागणी परवानगीपूर्वी करणे हाच खरा मार्ग होय.

आणि एक हरकत करू नये. ‘कसली माणसे येतील कोण जाणे’ हा सूर निवेदनात उमटला की उरलेल्या सर्व सयुक्तिक मुद्द्यांचे वजन हरपते. मोठ्या भूखंडांवर काही अटींखाली २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची जी तरतूद नियमावल्यांत आहे, ती या प्रकल्पास लागू होते काय आणि होत असेल तर ती घरे याच जागेवर होणार काय, हे विचारणे रहिवाशांच्या लौकिकाला अधिक शोभेल.

पाडकामाचे दिवस

वसाहत उभी राहिल्यावरच्या त्रासाची चर्चा होते, पण ती उभी राहीपर्यंतच्या चारपाच वर्षांची होत नाही. मॉलची इमारत पाडण्यापूर्वी आपल्या इमारतीच्या भिंती, खांब, कुंपण, पाण्याच्या टाक्या यांची दिनांकित छायाचित्रे घेऊन संरचना अभियंत्याकडून अहवाल करवून घ्यावा. १५ वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे तशीही करावी लागतेच. भेग पायाच्या खोदकामाने पडली की आधीचीच होती, हा वाद त्या अहवालाविना सुटत नाही. खोल तळघर असेल तर खोदकामाच्या कडांना आधार कसा देणार आणि शेजारच्या इमारतींचे खचणे व कंपन कोण मोजणार, हे विचारून ठेवावे. जागेवर पूर्वी कारखाना असेल तर मातीची तपासणीही मागावी.

धुळीविषयी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, बांधकामाभोवती कापडी आच्छादन आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुण्याची व्यवस्था सांगितली आहे. राडारोडा कोठे आणि कोणत्या मार्गाने नेणार याचा आराखडा पालिकेकडे असावा लागतो. त्याची प्रत मागावी. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असून रात्र म्हणजे १० ते ६ अशी २००० सालच्या नियमांत व्याख्या आहे. तक्रार करताना ‘फार आवाज होतो’ असे न लिहिता तारीख, वेळ आणि यंत्राचे नाव लिहावे.

गाळेधारक शेजारी असतील तर

मॉलमधील गाळा ज्यांनी विकत घेतला आहे त्यांची बाजू शेजाऱ्यांहून निराळी आहे. त्यांनी प्रथम पाहावे ते आपल्या करारनाम्यात जमिनीतील अविभक्त हिस्सा लिहिलेला आहे काय, गाळेधारकांची सोसायटी वा अपार्टमेंट संघ नोंदलेला आहे काय, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय. ते विकासकाने अडवून धरले असेल तर १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. विकासक कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली असेल तर आपला दावा मुदतीत दाखल करण्यात हयगय करू नये. गाळेधारकांचे आणि शेजाऱ्यांचे हित अनेक मुद्द्यांवर जुळते, म्हणून कागदांची देवाणघेवाण दोघांनाही उपकारक ठरते.

सरसकट विरोधाची किंमत

कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो, जेथे अनेक मराठी कुटुंबेही नांदत आहेत, तेथील व्हॅल्को मॉलचा इतिहास या संदर्भात वाचण्याजोगा आहे. १९७६ साली उघडलेला हा मॉल ओस पडल्यावर विकासकाने मिश्र वसाहतीची योजना मांडली. ती जागा व्यापारापुरती राखण्याचा रहिवाशांचा प्रस्ताव आणि विकासकाचा प्रस्ताव असे दोन्ही नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानास गेले, आणि दोन्ही फेटाळले गेले. पुढल्याच वर्षी राज्याने असा कायदा केला की घरांचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या शहरांत, परवडणाऱ्या घरांचे ठरावीक प्रमाण असलेला प्रकल्प लिखित निकषांत बसला तर त्याला मंजुरी नाकारता येऊ नये. विकासकाने २०१८ मध्ये त्या कायद्याखाली २,४०२ घरांचा अर्ज केला, ज्यांत निम्मी परवडणाऱ्या दराची होती, आणि शहराला तो त्याच वर्षी मंजूर करावा लागला. सार्वजनिक सुविधांविषयी वाटाघाटी करून तयार केलेला दुसरा आराखडाही शहराने तेव्हा स्वीकारला होता. पण रहिवाशांनी त्याविरुद्ध सह्यांचे अर्ज दिले आणि तो मागे घेतला गेला. २,४०२ घरांच्या मंजुरीविरुद्धचा दावा मे २०२० मध्ये फेटाळला गेला. पूर्वीच्या वापरामुळे तेथील माती दूषित आहे काय, हा तपासता येण्याजोगा प्रश्न मात्र कौंटीच्या आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली गेला. सारेच नको म्हणणाऱ्यांच्या हातून सौदा करण्याची वेळ निघून गेली, आणि जी बाब मोजता येत होती तिचाच पाठपुरावा टिकला, एवढा बोध त्यातून आपण घ्यावा.

अर्ज, पोच आणि पुढील पिढी

आता व्यवस्थेविषयी. आसपासच्या सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून पाचसहा जणांची संयुक्त समिती नेमावी. ठराव असला म्हणजे पत्राला संस्थेचे वजन येते. प्रत्येक खात्यास त्याच्याच विषयाचे वेगळे पत्र लिहावे, जलअभियंत्याला झाडांविषयी आणि वृक्ष प्राधिकरणाला पाण्याविषयी लिहून कागद वाया दवडू नये. प्रत्येक पत्राच्या अखेरीस एकच मागणी स्पष्ट शब्दांत असावी: अमुक गोष्टीची पूर्तता ही बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची वा भोगवटा प्रमाणपत्राची अट म्हणून नमूद करावी. विकासकाने बैठकीत दिलेले तोंडी वचन कितीही गोड असले तरी परवानगीच्या अटींत न उतरलेल्या वचनाची अंमलबजावणी कोणीही करवून देऊ शकत नाही. पत्राची पोच आवक क्रमांकासह घ्यावी आणि सर्व कागद एका फायलीत तारीखवार लावावेत.

ती फाइल काम संपल्यावरही फेकू नये. नव्या इमारतीत घर घेणारे लोक हे आपले प्रतिपक्षी नव्हेत. त्याच जलवाहिनीचे पाणी त्यांना प्यावयाचे आहे आणि त्याच चौकातून त्यांची मुले शाळेस जाणार आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशांत मोठे फेरफार करण्यास दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, म्हणजे आरंभी शेजाऱ्यांना नसलेला एक हक्क त्यांच्या हाती असतो. त्यांची सोसायटी स्थापन होताच समितीने त्यांना भेटून कोणकोणत्या अटी मंजूर झाल्या होत्या आणि त्यांपैकी कोणत्या अपुऱ्या आहेत याची यादी फायलीच्या प्रतीसह सुपूर्द करावी, आणि संयुक्त समितीत त्यांचा एक प्रतिनिधी घ्यावा.